तीनशे साठ पानं

मी पोटात कळ आल्याचं सोंग केलं. गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर पडले, दोनदा कण्हले, पण मालननं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती आरशापुढं उभी राहून साडीच्या निऱ्या करत होती. बोटीवरच्या त्या खुराड्याएवढ्या खोलीत निऱ्या करायच्या तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागायचं, म्हणून गेले चार दिवस ती माझं सगळं आवरून मी बाहेर पडल्यावरच साडी नेसत होती. त्या दिवशी मात्र माझ्याआधी उठून, अंघोळ करून, केस बांधून तयार.

"ओवा देऊ का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ओव्यानं जायचं दुखणं नाही हे. आज काही उतरायला नको. तुझी केतकी जाईल सहलीतल्या त्या टोपीवाल्या लोकांबरोबर, आपण दोघी इथंच राहू, वरच्या मजल्यावर बसून समुद्र बघू.

"तुम्ही पडा, आये," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

हे ऐकून मी उठूनच बसले. मालन सून म्हणून माझ्या घरात आली त्याला तेव्हा तीस वर्षं होत होती. तीस वर्षांत ती मला न विचारता दापोलीच्या बाजारालासुद्धा गेली नव्हती. आणि आता परमुलखात, जिथं पाणी मागायचं तरी हातवारे करावे लागतात, तिथं ही एकटी जाऊन येणार होती. पोटातली कळ मी तिथंच सोडली आणि बूट घातले. केतकीनं घेऊन दिलेले पांढरे बूट, साडीखाली बदकाच्या पायांसारखे दिसायचे.

मालननं एवढंच विचारलं, "दुखायचं थांबलं?"

बाहेर मार्सेय नावाचं शहर होतं, फ्रान्स देशातलं. आणि त्या शहरात माझा मेलेला मुलगा राहत होता.

रघुवीर माझा एकुलता एक. मालाच्या बोटीवर फिटर म्हणून गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, मालन बावीसची, केतकी नुकती पावलं टाकायला लागलेली. सहा महिने पत्रं आली, मग बंद. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात मी स्वतः गेले. हर्णैच्या बंदरावर माझ्या दोन होड्या होत्या, नवरा गेल्यावरही मासळीच्या लिलावात द्वारका नाखविणीच्या टोपलीला हात लावायच्या आधी व्यापारी मला विचारायचे. पण त्या ऑफिसातल्या कारकुनानं मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला, कुठल्याशा बंदरावर तुमचा मुलगा उतरला तो परत बोटीवर आलाच नाही.

अकरा वर्षं आम्ही वाट पाहिली. मालन दर वर्षी वडाला दोरा गुंडाळायची. मग एक दिवस पत्र आलं. ते मालननंच माझ्या हातात आणून दिलं होतं. पोस्टमन तिला बंदरावर भेटला होता. पाकिटावर परदेशी तिकीट, माझं नाव. तिनं काही विचारलं नाही, पत्र दिलं आणि पापलेटं वेगळी करायला बसली.

मी दुसरी शिकलेली बाई. अक्षर अक्षर जुळवत वाचायला मला अख्खी दुपार लागली. रघूचंच पत्र होतं. जिवंत होता. बोटीवर मारामारी झाली, भीतीनं उतरला, लपून राहिला. एका मासेवालीच्या घरात आसरा मिळाला. आता तिच्याबरोबरच संसार होता, दोन मुलं होती. मार्सेयच्या जुन्या बंदरावर सकाळी आमचं मासळीचं टेबल असतं, लिहिलं होतं. मालनला सांग माझी वाट बघू नको म्हणून. पत्र दाखवू नको, तुझ्या तोंडानं सांग.

मी पत्र चुलीत घातलं आणि मालनला सांगितलं, कंपनीचं पत्र होतं, तपास बंद केलाय म्हणतात.

का, ते आजही मी कोणाला विचारू देत नाही, पण इथं सांगते. द्वारका नाखविणीचा पोर गोऱ्या बाईच्या घरात शिरून बसला, हे मला लिलावात उभं राहून ऐकायचं नव्हतं. आणि दुसरं, ते तितकंच खरं. आमच्याकडं समुद्रानं नेलेल्याच्या बायकोला लोक वाट करून देतात. नवऱ्यानं टाकलेलीकडं बघून हसतात. मला वाटलं, मी पोरीचा मान राखतेय.

आमच्या किनाऱ्यावर माणूस बुडाला आणि सापडला नाही, की त्याचा पानांचा पुतळा करून जाळतात. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबतात. बारा भरल्यावर मी भटजींना बोलावलं. तीनशे साठ पळसाची पानं लागतात, डोक्याला इतकी, छातीला इतकी, पायांना इतकी. ती पानं मी मोजून दिली. मुलगा नाही, भाऊ नाही, म्हणून अग्नी मालननं दिला. बाईनं अग्नी द्यायचा का, अशी कुजबुज झाली, ती मी एका नजरेत बंद केली. निघताना भटजी म्हणाले, हा माणूस पुढं कधी परत आला, तर त्याला तसाच घरात घ्यायचा नाही. तो मेलेला आहे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, नवीन जन्मलेल्यासारखं पुन्हा बारसं करायचं, आत्यानं कानात नाव सांगायचं, आत्या नसेल तर आईनं. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मालन कोपऱ्यात बसून ऐकत होती. कपाळ तेव्हापासून मोकळं.

मी तिला दोनदा म्हटलं होतं, तू तरुण आहेस, दुसरं लग्न कर, मी लावून देते. दोन्ही वेळा ती म्हणाली, "होड्या कोण बघणार?" आणि खरंच, होड्या तिनंच बघितल्या. माझे गुडघे गेल्यावर लिलावात तीच उभी राहायला लागली. माझं घर, माझं दुखणंखुपणं, सगळं तिच्या हातावर. तिला खरं कळलं आणि ती उठून गेली, तर माझ्याकडं उरणार काय होतं? दोन होड्या आणि मी.

केतकी पुण्यात नोकरीला लागली, तिनं आम्हाला ही बोटीची सहल घडवली. सात दिवस, सहा शहरं. शहरांची नावं तिनं घरी सांगितली होती, मी कान दिला नव्हता. कुठं का थांबेना, आपल्याला बसून खायचं, असं माझं. आदल्या दिवशी जेवताना ती सहज म्हणाली, उद्या मार्सेय. माझ्या हातातला चमचा ताटलीत पडला. मालन शेजारी बसून भात कालवत होती. तिनं तो चमचा उचलून पुसून माझ्या हातात दिला.

तर अशी मी त्या दिवशी पायऱ्या उतरले. केतकीनं आमच्या गळ्यात बोटीची कार्डं अडकवली आणि दहा वेळा बजावलं, साडेचारला दार बंद होतं, पाचला बोट सुटते, कोणासाठी थांबत नाही. तिला टेकडीवरच्या देवळात जायचं होतं. दर्यावर्दी लोकांची माऊली आहे म्हणे, नवसाच्या लहान लहान होड्या आत छताला टांगलेल्या असतात. मी लगेच म्हटलं, मग आम्हीपण येतो. गुडघ्याचं काय, विचारलं तर म्हटलं, नवसाच्या होड्या बघायला गुडघे लागत नाहीत.

"पायऱ्या खूप आहेत, आये," मालन म्हणाली. "तू जा गं केतकी. आम्ही दोघी खाली बंदरावर बसतो. जुनं बंदर आहे ना इथं?"

ती जुनं बंदर म्हणाली, तेव्हा मला वाटलं, केतकीच्या पुस्तकात वाचलं असेल. दुसरं काही मी मनात येऊच दिलं नाही.

बस बोटीच्या दारापासूनच निघाली. मी नेहमीसारखी खिडकीशी बसले. कुठल्याही गाडीत खिडकी माझी, हे आमच्या घरात ठरलेलं. बाहेर क्रेन, डबे, गोदामं, मग उंच घरं. मी काही बघत नव्हते. मी हिशेब लावत होते की पत्राला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांत माणूस धंदा बदलतो, गाव बदलतो. कदाचित मरतोही. हे मनात आलं आणि मी स्वतःच्याच हाताला चिमटा काढला.

जुनं बंदर म्हणजे शहराच्या पोटात शिरलेला पाण्याचा चौकोन. तीन बाजूंनी घरं, मधे शिडाच्या होड्या इतक्या की डोलकाठ्यांचं रान. पाण्याला हालचाल नाही. भिंतीवर ओहोटीची रेघसुद्धा नव्हती. केतकीनं सांगितलं, इथल्या समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नसते. मला ते आवडलं नाही. जो समुद्र मागे हटत नाही त्याचा भरवसा कसा धरायचा? एका बाजूला आरशाचं मोठं छप्पर होतं, खाली उभं राहून वर बघितलं की आपण उलटे लटकलेले दिसतो. केतकीनं तिथं आमचा फोटो काढला आणि आम्हाला बजावून ती टेकडीच्या बसला गेली. एक वाजता याच छपराखाली भेटायचं ठरलं.

ती गेली तशी मालन चालायला लागली. पाण्याच्या कडेला टेबलांची रांग होती. मासळी. निळ्या टोपल्यांत पाणी, पाण्यात जिवंत मासे. तांबडे, काटेरी तोंडाचे, वाम, बांगड्याच्या जातीतले, कालवं. रबराचे एप्रन घातलेल्या बाया ओरडून गिऱ्हाइकं बोलावत होत्या. भाषा परकी, पण ओरडण्याची तऱ्हा एकच. दुसरा कुठला दिवस असता तर मी एकेकीच्या माशाच्या कल्ल्यात बोट घालून तिला तिची जागा दाखवली असती.

मी मालनचा दंड धरला. म्हटलं, ऊन लागतंय, चल तिकडं सावलीत, काहीतरी पिऊ. ती म्हणाली, थोडं बघू या. पहिलं टेबल, दुसरं टेबल. मी म्हटलं, मासळीच बघायची होती तर हर्णै काय वाईट होतं, इतकी विमानं कशाला बदलली? ती नुसती हसली. तिसऱ्या टेबलापाशी माझ्या लक्षात आलं की ती मासे बघत नाहीये. तीस वर्षं मासळी विकलेली बाई टोपलीत डोकावतसुद्धा नव्हती. ती टेबलामागची माणसं बघत होती.

माझ्या पोटात खरीच कळ आली.

पाचव्या टेबलाच्या आधी ती थांबली. होड्यांचे दोर बांधायचा लोखंडी खुंटा होता, त्यावर तिनं आपला रुमाल पसरला.

"बसा, आये."

मी बसले. ती माझ्यासमोर अशी उभी राहिली की तिची पाठ टेबलांकडं.

"निळ्या टोपल्यांच्या मागं," ती म्हणाली. "सगळे उभे आहेत, एकच उकिडवा बसलाय. जा, भेटून या."

मी म्हटलं, कोण बसलाय, कोणाला भेटू, उन्हानं तुझं डोकं फिरलंय. माझा आवाज चढला. शेजारची एक बाई वळून बघायला लागली. मालनचा आवाज नेहमीसारखाच राहिला.

"पत्र मी आधी वाचलं होतं."

ती तशीच पुढं सांगत गेली.

"पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं. भाताच्या वाफेवर धरलं, उघडलं, वाचलं, खळ लावून बंद केलं. मग तुमच्या हातात दिलं. तुम्हाला वाचायला वेळ लागेल हे माहीत होतं, म्हणून मासळी निवडत बसले. तीन दिवस वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही म्हणालात, कंपनीचं पत्र. वर्षभरानं भटजी आले."

"आणि तू अग्नी दिलास," मी म्हटलं. माझ्या तोंडून एवढंच आलं.

"दिला. तुम्ही पत्र चुलीत घातलंत, मी नवरा घातला. आये स्वतःचा मुलगा मारायला तयार आहेत, तर त्याला जिवंत ठेवणारी मी कोण? आणि तुमचं चुकलं होतं असंही नाही. टाकलेली म्हणवून घेण्यापेक्षा मला हेच बरं वाटलं. पण तुम्ही मला विचारलं नाहीत. ते मला लागलं. अजून लागतं."

आयुष्यात मी कोणापुढं गप्प बसलेली नाही. नवऱ्यापुढं नाही, व्यापाऱ्यांपुढं नाही, फौजदारापुढंसुद्धा नाही. त्या खुंट्यावर मी गप्प बसले. मग मला एकच सुचलं, ते विचारलं. म्हटलं, मग आता कशाला आलीस? त्याला न्यायला?

"मी माझ्यासाठी नाही आले. मला त्याचं तोंड बघायचं नाही. मागच्या वर्षी दापोलीच्या दवाखान्यात तुम्ही तापात तीन दिवस एकच विचारत होता. रघू जेवला का. नर्स मला विचारायची, रघू कोण? मी काय सांगणार होते? पुढंही, शेवटी, तुम्ही तेच विचारणार आणि उत्तर द्यायला मीच असणार. म्हणून केतकीला सांगितलं, जी बोट मार्सेयला थांबते तीच घे. तो इथं असेल, नसेल, मलाही माहीत नव्हतं. आहे. जा, एकदा त्यालाच विचारून या."

"आणि तू?"

"मी बसते इथं."

"असशील ना?"

हे मी कोणत्या आवाजात विचारलं कोण जाणे. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"पाचला बोट आहे, आये. मी कुठं जाणार?"

मी उठले. मधे पंधरा पावलं असतील. तेवढ्यात मी सगळं ठरवलं. भटजींनी सांगितलेलं मला पाठ होतं, इतकी वर्षं मी ते मनात घोळवत होते. तुपाचं पुढं बघू. आत्या कधीच गेली. कानात नाव सांगायचं काम आईचं. एकदा नाव सांगितलं की तो परत जन्मला, मग पुढचं पुढं.

टेबलाला वळसा घालून मी मागे गेले. तो जमिनीवर उकिडवा बसून मासा साफ करत होता, आपले लोक बसतात तसा, टाचा टेकून. मी त्याच्या डोक्याशी उभी होते. केस पिकले होते, विरळ झाले होते, पण डोक्यावरचे दोन भोवरे जागच्या जागी. लहानपणी त्याला न्हाऊ घालताना सुईण म्हणाली होती, दोन भोवरे म्हणजे दोन बायका. मी तिला हाकलून दिलं होतं.

"पोट आधी फाडतात का?" मी म्हटलं. "खवलं कोण काढणार, तुझा बाप?"

सुरी थांबली. त्यानं आधी माझे पांढरे बूट बघितले, मग साडीचा काठ. मग मान वर केली. बावन्न वर्षांचा माणूस, पण ओठ तसेच थरथरले, मार खायच्या आधी थरथरायचे तसे.

"आये," तो म्हणाला. मग म्हणाला, "कशी आलीस?"

"पोहत आले. तुला काय वाटलं?"

तो हसायला गेला आणि जमलं नाही. आजूबाजूला बघून त्यानं हळूच विचारलं, मालन? मी म्हटलं, मेलेल्यानं जिवंत माणसांची चौकशी करू नये. तुझा पुतळा केला. तीनशे साठ पानं मी माझ्या हातानं मोजली आणि तुला जाळला. तो माशाकडं बघतच म्हणाला, बरं केलंस. त्याच्या त्या बरं केलंसचा मला इतका राग आला की मी तिथंच त्याच्या थोबाडीत दिली असती. पण मी वाकले. गुडघा कळवळला, तरी वाकले. एका हातानं त्याचा खांदा धरला आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. माशाचा वास येत होता, घरच्यासारखाच. नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"रोजे!"

टेबलाच्या पलीकडून हाक आली. आणि तो वळला. विचार न करता, आपल्या नावाला माणूस वळतो तसा वळला.

गोरी, ठसठशीत बाई होती, माझ्या मालनपेक्षा वयानं मोठी असावी. मनगटं जाड, हातांना खवलं चिकटलेली. कामाची बाई होती, हे मला कबूल केलं पाहिजे. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या साडीकडं, त्याच्या खांद्यावरच्या माझ्या हाताकडं. त्याला काहीतरी विचारलं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं उत्तर दिलं, दोन-चार शब्दांचं. मला ती भाषा येत नाही. पण त्यानं काय सांगितलं ते तिच्या तोंडावर वाचायला दुसरीपर्यंतची शाळा पुष्कळ होती. तिनं मान लववून मला हसून नमस्कार केला. गिऱ्हाइकाला करतात तसा.

त्यानं सांगितलं नव्हतं, ही माझी आये म्हणून.

म्हणजे मीच एकटी पुतळा जाळून बसले नव्हते. त्यानंही मला केव्हाच जाळलं होतं, या न हलणाऱ्या समुद्राच्या काठी. तिला सांगितलं असेल, आई-बाप नाहीत. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. कोणत्या तोंडानं येणार होता?

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेली. तो तसाच उभा, हात लोंबकळत. त्यानं पटकन एक मोठा तांबडा मासा उचलला, कागदात गुंडाळला, आणि माझ्या हातात ठेवला. त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली.

मी पुन्हा त्याच्या कानाशी गेले. या वेळी वाकावं लागलं नाही, त्यानंच मान खाली घातली.

"जेवलास का?" मी विचारलं.

"नाही अजून," तो म्हणाला. "एक वाजता टेबल आवरतो, मग."

"वेळेवर जेव," मी म्हटलं आणि निघाले. मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझे पाय तिथंच राहिले असते आणि बोट कोणासाठी थांबत नव्हती.

मालन खुंट्यावर पाण्याकडं तोंड करून बसली होती. टेबलांकडं तिची पाठ जशी मी सोडून गेले तशीच. मला बघून उठली, रुमाल झटकून त्याची घडी घातली. आम्ही आरशाच्या छपराखाली जाऊन उभ्या राहिलो. वर आम्ही दोघी उलट्या लटकत होतो, माझ्या हातात पुडकं.

केतकी आली, आम्ही बसमधे चढलो. मालन नेहमीप्रमाणे खिडकी मला सोडून बाजूला उभी राहिली. मी म्हटलं, तू बस आत. ती समजली नाही. मी म्हटलं, बस म्हणते ना. ती खिडकीशी बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा. केतकी पुढच्या बाकावर फोनमधले नवसाच्या होड्यांचे फोटो बघत होती.

बरंच अंतर गेल्यावर मालननं बाहेर बघत विचारलं, "विचारलंत?"

"विचारलं. अजून नाही म्हणाला. एक वाजता जेवतो."

"आणि नाव?"

तिलाही ते पाठ होतं, कोपऱ्यात बसून ऐकलेलं.

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "त्याचं बारसं आधीच झालंय. दुसरीनं केलं."

मला वाटलं, आता रडेल. आता विचारेल, ती कशी आहे, मुलं किती मोठी.

"बरं झालं," मालन म्हणाली. "मी तूप आणलं नव्हतं."

आणि ती हसली. मग मलाही हसू आवरेना. केतकी वळून बघायला लागली, या दोघींना झालंय काय म्हणून. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. मालननं तोच रुमाल माझ्या हातात दिला.

त्याला आता दहा वर्षं झाली. केतकीला पुढं मालननंच सगळं सांगितलं, लग्न ठरल्यावर. ते मायलेकींचं बोलणं, मी त्यात पडले नाही. पण त्या दिवशी केतकीला काही माहीत नव्हतं.

बोटीच्या दाराशी सामान तपासणारा माणूस होता. त्यानं माझ्या हातातलं पुडकं बघितलं, उघडायला लावलं, आणि मान हलवली. केतकी म्हणाली, आजी, कच्चा मासा आत नेता येत नाही, टाकावा लागेल. शेजारी कचऱ्याचा मोठा डबा होता. मागे रांग लागली होती. मी पुडकं घेऊन तशीच उभी. मला वाटलं, हे काही माझ्या हातून सुटायचं नाही, मी इथंच उभी राहणार आणि साडेचार वाजणार.

मालन जवळ आली. तिनं माझ्या कोपराखाली हात घातला.

"मी टाकू," तिनं हळूच विचारलं, "का तुम्ही टाकता?"

तिनं मला विचारलं. मी नव्हतं विचारलं, तिनं विचारलं.

"दोघी टाकू," मी म्हटलं.

एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं मी. केतकी आम्हा दोघींकडं बघत राहिली. मग पायऱ्या चढताना तिनं विचारलं, एवढं जपून कसला मासा आणला होतात गं?

"काही नाही," मालन म्हणाली. "ताजा नव्हता."